कीर्द, खतावणी, ताळेबंद: नोकरी सांभाळून प्रोग्रामिंग शिकताना प्रगती कशी तपासावी

प्रोग्रामिंग शिकायला लागल्यावर पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी मी लॅपटॉपवर नवी कोरी फाइल उघडली आणि खरेदीच्या बिलांच्या यादीतून प्रत्येक पुरवठादाराची एकूण रक्कम काढायला बसले. ऑफिसात हेच काम मी एक्सेलच्या पिव्होट टेबलवर अर्ध्या मिनिटात करायचे. त्या दिवशी पाऊण तास गेला तरी स्क्रीनवर जेमतेम चार ओळी होत्या, आणि त्याही चालत नव्हत्या. शेजारच्या टॅबमध्ये ऑनलाइन कोर्सचं पान उघडं होतं. तिथली हिरवी पट्टी सांगत होती की माझा कोर्स ८२ टक्के पूर्ण झालाय.

८२ टक्के व्हिडिओ मी पाहिले होते, हे खरंच होतं. आणि एक साधी बेरीज मला मनाने लिहिता येत नव्हती, हेही खरं होतं. पाच महिने मी पहिल्या आकड्यालाच प्रगती समजत होते.

मी वडोदऱ्याची. घर दांडिया बाजारात. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे हिशेब चौदा वर्षं सांभाळले आणि सदतिसाव्या वर्षी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. सकाळी साडेपाच ते सात आणि रविवारची दुपार, एवढाच वेळ हाताशी होता. कॉलेजात परीक्षा असते, निकाल लागतो, आपण कुठे आहोत ते कळतं. घरी एकट्याने शिकणाऱ्याला ते सांगणारं कोणी नसतं. मग आठवड्यात एखादी गोष्ट जमली की आता लवकरच नोकरी लागेल असं वाटतं, आणि पुढच्या आठवड्यात एका एररवर दोन दिवस गेले की हे आपलं काम नव्हे असं वाटायला लागतं. मनाचं असं वर-खाली होणं हा मोजमापाचा आधार होऊ शकत नाही. म्हणून मला येत असलेल्या एकमेव पद्धतीने मी शिकण्याचा हिशेब मांडला: रोज कीर्द (दिवसाच्या नोंदी), रविवारी खतावणी (त्या नोंदी खात्यांवर चढवणं), महिन्याला तेरीज (खात्यांचा मेळ तपासणं), तिमाहीला ताळेबंद. सव्वा वर्षं हे चाललं; इथून पुढे सांगते ते महिने वही सुरू केल्यापासूनचे. कसं करायचं ते इथे क्रमाने सांगते.

आधी सुरुवातीची शिल्लक

नवी वही सुरू करताना पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक लिहितात. इथेही तेच करायचं: आज मला काय करता येतं? ‘पायथनची प्राथमिक माहिती आहे’ असलं वाक्य लिहू नका, ते सहा महिन्यांनीही तसंच लिहिता येतं. वाक्य असं हवं की समोर बसलेल्या माणसाला ते खरं की खोटं हे दहा मिनिटांत तपासता यावं. माझ्या पहिल्या पानावर हे होतं:

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) उघडून ओळी मोजता येतात, पण उघडण्याची ओळ दर वेळी बघून लिहावी लागते.
फॉर लूप (तेच काम यादीतल्या प्रत्येकासाठी परत करणारा कोड) लिहिता येतो. लूपच्या पोटात दुसरा लूप आला की गोंधळते.
डिक्शनरी (नावावरून थेट माहिती काढून देणारी यादी) म्हणजे काय ते सांगता येतं. ती कधी वापरायची ते कळत नाही.
एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा): काहीच नाही.

त्याच पानावर जुन्या धंद्यातली शिल्लकही लिहा, आणि अगदी मन लावून लिहा. क्षेत्र बदलणारी माणसं ही बाजू कोरी सोडतात, जणू चौदा वर्षं वायाच गेली. मला ते फार टोचतं. मी लिहिलं होतं: जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारा तक्ता) आणि आमची खरेदीची नोंदवही यांची जुळवणी दर महिन्याला करते. पुरवठादार बिलाचे नंबर किती तऱ्हांनी चुकवतात ते मला माहीत आहे. कोणता फरक पैसे पूर्ण रुपयांत केल्याचा आणि कोणता खरा, ते बघताक्षणी कळतं. पुढे माझा पहिला खरा प्रोजेक्ट याच तीन वाक्यांतून निघाला. तुम्ही शाळेत शिकवत असाल तर वेळापत्रक बसवणं, औषधांच्या दुकानात असाल तर मुदत संपणाऱ्या मालाचा माग ठेवणं, अशी काही ना काही शिल्लक तुमच्याकडेही असणारच.

रोजची कीर्द

लॅपटॉप बंद करण्याआधी पाच मिनिटं, चार नोंदी: किती वेळ बसले, काय लिहायचा प्रयत्न केला, कुठे अडलं, कशाने सुटलं. ‘आज लूप शिकले’ हे पुरेसं नाही. अडलं ते नेमकं लिहायचं, एरर आला असेल तर त्याच्या नावासकट. एक नमुना देते:

मंगळवार, ५० मिनिटं. बिलाच्या तारखेवरून महिना काढायचा होता. ०३/०४ म्हणजे आपली ३ एप्रिल, पँडासने (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) ती ४ मार्च धरली. दिवस आधी येतो हे त्याला वेगळं सांगावं लागतं. शो.

शेवटचं ‘शो’ म्हणजे उत्तर शोधून मिळालं. स्वतः सुचलं तर ‘स्व’, कोणाला विचारलं तर ‘वि’, एआयने लिहून दिलं तर ‘ए’. ही एका अक्षराची नोंद तेव्हा किरकोळ वाटते, पण तीन महिन्यांनी सगळ्यात जास्त तीच बोलते. माझ्या तिसऱ्या महिन्याच्या पानांवर ‘स्व’ आठवड्यातून एखाद-दुसरा होता. दहाव्या महिन्यात निम्म्याहून जास्त नोंदी ‘स्व’ होत्या. मला काही येत नाही असं त्या दहाव्या महिन्यातही मला वाटतच होतं. पानं काही वेगळं सांगत होती आणि मी पानांवर विश्वास ठेवला.

वही कागदाची असावी, असं माझं मत आहे. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला चोपडापूजनासाठी लाल बांधणीचे लांबट चोपडे बाजारात येतात, तसला एक मी घेतला. स्क्रीनवर नोंद करायला गेलं की दुसरं काहीतरी उघडलं जातं. वही नुसती उघडी पडलेली असते.

ज्या दिवशी बसणं झालं नाही, त्या दिवसाचीही ओळ लिहा. ‘सुट्टी’ आणि कारण, बस. स्वतःला बोल लावायची ती जागा नाही. पण कारण हवंच, पुढे ते कामाला येतं.

रविवारची खतावणी

नुसत्या कीर्दीवरून कोणत्या व्यापाऱ्याला आपला नफा कळलाय? नोंदी खात्यांवर चढवाव्या लागतात. पुष्कळ लोक रोज मनापासून डायरी लिहितात, पण ती परत उघडत नाहीत. मग त्या लिहिण्याचा शिकण्याला काही उपयोग होत नाही. माझ्या लेखी या सगळ्या पद्धतीचा गाभा रविवारच्या या तासाभरात आहे.

आठवड्याच्या नोंदींमधल्या ‘कुठे अडलं’ या ओळी काढायच्या आणि प्रत्येकीला खातं द्यायचं. खाती आधीपासून ठरवू नका, दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप दिसतात. माझी अशी पडली: मजकूर आणि आकडा यांची गल्लत. तारखा. फाइलचा पत्ता चुकणं. डिक्शनरी. फंक्शनमधून (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) उत्तर परत न येणं. आणि एक खातं, ‘प्रश्नच नीट वाचला नव्हता’.

पहिल्या चार आठवड्यांत अडल्याच्या ३१ नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या १३ एकट्या मजकूर-आकडा खात्यात आणि ६ ‘प्रश्नच नीट वाचला नव्हता’मध्ये. मला भीती होती ती क्लास आणि ऑब्जेक्ट या प्रकरणाची, आणि सोमवारपासून मी तेच घेणार होते. खातेवहीने सांगितलं, तुझं दुखणं तिथे नाहीच. मग पुढचा आठवडाभर मी फक्त स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, घेऊन बसले: कापणं, जोडणं, दोन्हीकडची रिकामी जागा काढणं, आकड्यात बदलणं आणि परत मजकुरात आणणं. पुढच्या महिन्यात त्या खात्यावर चारच नोंदी चढल्या.

या एका खात्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण हिशेबाकडून प्रोग्रामिंगकडे येणाऱ्या बहुतेकांना ते छळणार आहे. पुरवठादाराने बिलावर ‘००४७’ लिहिलेलं असतं. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली की पुढची शून्यं गळतात आणि ४७ राहतं. आता एका यादीत ‘००४७’ हा मजकूर आहे आणि दुसऱ्या यादीत ४७ हा आकडा. माणसाला ते एकच बिल दिसतं. पायथनला ते दोन वेगळे दिसतात, आणि तो तक्रारही करत नाही. निमूटपणे ‘जुळत नाही’ म्हणून पुढे जातो. माझ्या पहिल्या जुळवणीत ४० बिलं ‘न सापडलेली’ निघाली. सगळी जागेवर होती.

म्हणून मी आणखी एक खातं वेगळं उघडलं, ‘चालतं पण चुकीचं’. एरर येणारी चूक निदान हाक तरी मारते. ही दुसरी चूक उत्तर देते, छान रकान्यात मांडून देते, आणि ते उत्तर खोटं असतं. पैशांचंही तेच. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे का असं विचारलं तर तो ‘नाही’ म्हणतो, कारण दशांश अपूर्णांक तो आतून द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्या पद्धतीत नेमका बसतच नाही. पैशापैशाचा मेळ लावणाऱ्या माणसाला हे कळलं की धस्स होतं. तेव्हापासून मी रक्कम एकतर पूर्ण पैशांत ठेवते किंवा डेसिमल हा पायथनमधला नेमका दशांश ठेवणारा प्रकार वापरते. या खात्यावर चढलेली प्रत्येक नोंद मी चाचणी म्हणून कोडमध्ये घालते, म्हणजे तीच चूक परत आली तर या वेळी ती ओरडेल.

रविवारच्या पानाच्या तळाशी एकच ओळ लिहायची: येत्या आठवड्यात काय बदलणार. एकच बदल. मी एकदा पाच लिहिले आणि त्यातला एकही झाला नाही. त्या ओळीशिवाय रविवार संपवायचा नाही. मागे वळून पाहिलं आणि सोमवार पहिल्यासारखाच गेला, तर तो तास अभ्यासाला दिलेला बरा.

महिन्याची तेरीज: कोरी फाइल

खाती बरोबर चढली आहेत का हे तेरीज काढल्यावर कळतं. शिकण्यातली तेरीज म्हणजे कोरी फाइल. महिन्यातून एकदा, ४५ मिनिटं, इंटरनेट बंद, जुना कोड बंद, एआय बंद. पायथनची स्वतःची मदत पाहिली तर चालेल. एक प्रश्न घ्यायचा आणि मनाने लिहायचा.

प्रश्न दर महिन्याला नवा असावा, पण एक प्रश्न असा निवडून ठेवा की जो दर तीन महिन्यांनी तोच परत सोडवायचा. माझा होता जीएसटीआयएन, म्हणजे व्यापाऱ्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक, तपासण्याचा. हा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरं पॅनची, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. शेवटचं अक्षर पडताळणीचं. दिलेला नंबर रचनेत बसतो की नाही, आणि बसत नसेल तर नेमकं कुठे बिघडलंय, हे सांगणारं फंक्शन लिहायचं.

दुसऱ्या महिन्यात मी फक्त लांबी मोजू शकले. पाचव्या महिन्यात राज्याचा अंक आणि पॅनची रचना तपासली, पण सगळं एकाच लांबलचक फंक्शनमध्ये, सात इफ (अटी) एकाखाली एक. आठव्या महिन्यात आधी कागदावर तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचं छोटं फंक्शन केलं, चुकीच्या नंबरांची यादी आधी लिहिली आणि ३० मिनिटांत संपवलं. ही तीन पानं मी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. रोजच्या रोज वाढ दिसत नाही. तोच प्रश्न तीन-तीन महिन्यांच्या अंतराने घेतला की दिसते.

याला संशोधनाचा आधारही आहे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना तो वाचून आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला हे पक्कं लक्षात राहील असा विश्वास जास्त कोणाला होता? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. व्हिडिओ पाहताना आपल्याला ‘समजलं’ वाटतं ते याच जातीचं.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या भागातली वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी पहिल्याच संध्याकाळी संपली. मी मेणबत्तीच्या उजेडात पेन्सिलीने कोड लिहिला. एडिटर आपल्याला कंस बंद करून देतो, नावं पूर्ण करून देतो, चुकीच्या ओळीखाली लाल रेघ ओढतो. कागद यातलं काही करत नाही. दोन गोष्टी मला येतात असं मी समजत होते, त्या त्या रात्री येत नाहीत असं कळलं. तेव्हापासून तेरजेची पहिली दहा मिनिटं मी कागदावरच घालवते.

वेळ संपली की हात थांबवा. जे बरोबर लिहिलं त्याला एक खूण, चुकलं त्याला दुसरी, आणि जे लिहायला सुचलंच नाही ते बाजूला शब्दांत लिहा. राहिलेलं दुसऱ्या दिवशी मदत घेऊन पूर्ण करा. त्याच दिवशी करू नका, अडलेलं डोक्यात एक रात्र राहू द्या.

उधारीचा कोड

एआयकडून कोड लिहून घेऊ नये असं मी म्हणणार नाही. आज नोकरीतही मी घेते. पण शिकणाऱ्याच्या वहीत तो उधारीच्या खात्यावर चढला पाहिजे. उधार आणलेल्या मालावर दुकान भरलेलं दिसतं, पण तो माल आपला झालेला नसतो.

परतफेडीची रीत अशी: ‘ए’ लिहिलेला प्रत्येक तुकडा सात दिवसांच्या आत न बघता स्वतः लिहून काढायचा, आणि प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते मोठ्याने सांगायचं. जमलं की नोंदीवर फुली मारायची. सातव्या महिन्यात माझ्या उधारीच्या खात्यावर १९ नोंदी साचल्या होत्या. मी दोन आठवडे नवीन काहीही शिकले नाही, फक्त उधारी फेडली. ते दोन आठवडे कंटाळवाणे गेले. वर्षभरातलं सगळ्यात पक्कं शिकणंही त्याच दोन आठवड्यांत झालं.

जुना कोड आणि दुसऱ्याची नजर

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, पहिल्याच महिन्यात शिकून घ्या, प्रोजेक्ट कितीही लहान असो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ते लिनक्सच्या कामासाठी बनवलं, पण एकट्या माणसाला ते कीर्दीसारखंच उपयोगी पडतं. कमिटला (गिटमधल्या एकेका नोंदीला) ‘बदल केला’ असं नाव देऊ नका. ‘बिल नंबरातली पुढची शून्यं तुलनेआधी काढली’ असं द्या. तीन महिन्यांनी गिटचा लॉग वाचलात की आपण कशाशी झगडत होतो ते ओळीने दिसतं. तेव्हाचं एक फंक्शन उघडून आज ते कसं लिहाल हे वहीत टिपा. बदलावंसं काहीच वाटलं नाही, तर तीन महिन्यांत नजर पुढे सरकलेली नाही, असं धरून चला.

पण आपला हिशेब आपणच तपासून पुरत नाही, लेखापरीक्षक बाहेरचा लागतो. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. महिन्यातून एक रविवार त्याने मला अर्धा तास दिला. पहिल्या वेळी मी कोड दाखवायला लागले तर तो म्हणाला, “मामी, कोड नंतर. हे फंक्शन काय करतं ते मला एका वाक्यात सांग.” मी सांगायला लागले आणि वाक्यात तीनदा ‘आणि’ आलं. “मग ती तीन फंक्शनं आहेत, मामी.” एवढंच तो बोलला. त्या महिन्याभरात मी जे कोड लिहिले, त्या प्रत्येक फंक्शनला हे एका वाक्याचं माप लावलं.

असा माणूस ओळखीत नसेल तर बरोबरीने शिकणारं कोणीतरी गाठा. मात्र ‘कसं वाटतं?’ असं विचारू नका. कोणीही ‘छान’च म्हणेल. ‘यातली कोणती ओळ तुला दोनदा वाचावी लागली?’ असं विचारा.

तिमाही ताळेबंद

हा मी घरी करत नाही. घरी कुकरच्या शिट्ट्या असतात, मुलीची शिकवणी असते, आईंच्या गोळ्यांची वेळ असते. वही घेऊन मी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर वाचनालयं उभी करायला सुरुवात केली. शाळा सुटलेल्या माणसाचंही शिकणं चालू राहावं, ही त्यामागची कळकळ होती. तिथे बसलं की आपलं या वयात शिकणं जगावेगळं वाटत नाही.

ताळेबंदात एका बाजूला मला काय येतं आणि दुसऱ्या बाजूला काम देणारे काय मागतात. त्यासाठी नोकरीच्या दहा खऱ्या जाहिराती कागदावर उतरवून घ्या: वडोदरा, अहमदाबाद, पुणे, घरून करायची कामं, जे तुम्हाला खरोखर जमण्यासारखं असेल ते. प्रत्येक मागणीपुढे तीनपैकी एक लिहा: ‘कोऱ्या फाइलवर करून दाखवीन’, ‘बघून करीन’, ‘येत नाही’. दहापैकी निम्म्याहून जास्त जाहिरातींत जे आहे आणि तुम्हाला ‘येत नाही’, ते पुढच्या तिमाहीचं काम.

माझ्या दुसऱ्या ताळेबंदात दहापैकी आठ जाहिरातींत एसक्यूएल होतं आणि माझ्यापुढे ‘येत नाही’. तेव्हा मी दोन महिन्यांपासून जावास्क्रिप्टही शिकत होते, कारण सगळे ते शिकतात. माझ्या कामाच्या दहा जाहिरातींत ते फक्त एकीत होतं. दोन महिन्यांचे कष्ट सोडून देणं जिवावर आलं. पण बुडीत रक्कम निर्लेखित केल्याशिवाय ताळेबंद खरा होत नाही, हे मी चौदा वर्षं दुसऱ्यांना सांगत आले होते. मी जावास्क्रिप्ट बंद केलं आणि एसक्यूएलच्या जॉइनपासून (दोन तक्ते समान रकान्यावर जोडणं) सुरुवात केली. जीएसटीची जुळवणी म्हणजे दोन याद्यांचा जॉइनच की! चार दिवसांत ओळख पटली.

‘सुट्टी’च्या ओळी कामाला येतात त्या इथे. तीन महिन्यांची पानं चाळली तर माझ्या निम्म्या सुट्ट्या ११ ते २० तारखेच्या दरम्यान निघाल्या. ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायचा, १४ला २बी येतो, २०ला ३बी (महिन्याच्या कराचं विवरणपत्र) भरायचा. दर महिन्याच्या मध्यावर मी स्वतःला आळशी म्हणत होते, आणि कारण कॅलेंडरात होतं. मग त्या दहा दिवसांसाठी मी वेगळं काम ठरवलं: नवीन काही नाही, रोज वीस मिनिटं जुना कोड वाचायचा. नवरात्राच्या नऊ रात्री आणि उत्तरायणाचे (संक्रांतीचे) दोन दिवस तर आधीच वजा केले. वडोदऱ्यात राहून गरब्याच्या दिवसांत पहाटे साडेपाचला उठायचं ठरवणं म्हणजे न होणारं काम वहीत मांडणं.

मुलाखतीनंतर

मुलाखतीची नोंद त्याच दिवशी करा, झोपण्याआधी. विचारलेला प्रत्येक प्रश्न, आपण दिलेलं उत्तर, आणि आता सुचतं ते उत्तर. निकाल काय लागेल याबद्दल एक शब्दही लिहू नका.

तेराव्या महिन्यातल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्यांनी वय विचारलं आणि त्यानंतर त्यांचं लक्ष उडालं. ते मला फार लागलं. तरी वहीत प्रश्न उतरवून काढले. पाचपैकी तीन मला आले होते, एक अर्धवट, आणि एक अजिबात नाही: तोच डेटा हजारपट मोठा झाला तर तुमचा कोड चालेल का? मी प्रत्येक बिलासाठी पूर्ण यादी पहिल्यापासून शोधत होते. १० हजार बिलं आणि १० हजार नोंदी असतील तर १० कोटी तुलना. एक यादी आधी डिक्शनरीत भरली की प्रत्येक शोध जवळजवळ थेट होतो. ‘डिक्शनरी कधी वापरायची ते कळत नाही’ हे पहिल्या पानावरचं वाक्य मी त्या रात्री खोडलं.

चौथ्या मुलाखतीत मला माझा जुळवणीचा प्रोजेक्ट उघडून दाखवायला सांगितलं. ‘चालतं पण चुकीचं’ खात्यातल्या चाचण्या मी एकेक करून दाखवल्या, प्रत्येकीमागचं खरं बिल सांगितलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत, ग्राहकांचा डेटा तपासून वळवण्याचं ते काम होतं. सोळाव्या महिन्यात मी तिथे रुजू झाले. पगार पहिल्या वर्षी आधीपेक्षा थोडा कमी होता, हे आधीच घरात बोलून ठेवलं होतं.

आता चोपडा दुसरा आहे. खाती बदलली: ‘दुसऱ्याचा कोड वाचताना’, ‘अंदाजापेक्षा लागलेला वेळ’, ‘विचारायला उशीर केला’. तुम्ही आज सुरुवात करणार असाल तर पहिल्या रविवारी खतावणीला फार तर चार-पाच नोंदी असतील आणि खाती पडणार नाहीत. तेवढ्याच उतरवा, खाली सोमवारसाठी एक ओळ लिहा आणि वही लॅपटॉपच्या झाकणावर ठेवा, म्हणजे सकाळी आधी ती हाती येईल.